भाग दोनसाठी फॉलो करा

विश्वाचं वय साधारण १,३८० कोटी वर्षं. ते समजून घ्यायला लागणारा वेळ एकोणसाठ सेकंद. साठावा सेकंद लाइक करण्यासाठी राखीव.

लोकलमध्ये, एसटीत, लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता पडेपर्यंत आणि दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत, जिकडे बघावं तिकडे माणसं भौतिकशास्त्र शिकताना दिसतात. शाळेत ज्यांनी या विषयाला पस्तीस गुणांवर लांबून नमस्कार केला होता, ते आता अंगठ्याच्या एका फटक्यात कृष्णविवराच्या काठाशी जातात आणि दुसऱ्या फटक्यात नाशिकच्या मिसळीवर उतरतात. दोन्हीकडचा मुक्काम सारखाच. परततानाचा चेहराही सारखाच.

या धड्यांचा साचा ठरलेला आहे. एक तरुण हवेत बोट दाखवतो, बोटाच्या टोकाशी अक्षरं उमटतात. मागे 'इंटरस्टेलर' सिनेमातला ऑर्गन घुमत असतो. कधी कधी तरुणही नसतो, नुसता आवाज असतो, आणि तो माणसाच्या घशातून आलेला नाही हे 'ज्ञ' उच्चारताना कळतं. "मित्रांनो, तुम्हाला माहीत आहे का?" माहीत नसतं. म्हणूनच तर पस्तीस. मग शास्त्रज्ञ हैराण होतात, त्यांची झोप उडते आणि नासा हादरते. मराठी व्हिडिओंमध्ये नासाला जेवढे हादरे बसतात तेवढे कोयनेच्या खोऱ्यातही बसत नसतील.

शेवटी कळसाचा प्रश्न येतो: तुम्ही कृष्णविवरात पडलात तर काय होईल? पायाकडून ताणले जायला सुरुवात होते, संगीत चढतं आणि नेमक्या त्या क्षणी पाटी येते, 'भाग दोनसाठी फॉलो करा.' भाग दोन कधीच येत नाही. पण याबद्दल तक्रार करू नये, कारण हे काटेकोर शास्त्रशुद्ध आहे. कृष्णविवरात पडणारा माणूस दुरून बघणाऱ्याला घटनाक्षितिजाशी मंदावत गेलेला, जवळजवळ थिजलेला दिसतो. तो आत गेलेला आपल्याला कधी दिसतच नाही. आइनस्टाइनच्या सिद्धांताचं इतकं तंतोतंत पालन विद्यापीठांतसुद्धा होत नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात यूट्यूबनं शॉर्ट्सची मर्यादा एका मिनिटावरून तीन मिनिटांवर नेली. विश्वाला तिप्पट वेळ मिळाला. वाढलेल्या दोन मिनिटांत ऑर्गन वाढला.

विषयांचीही एक उतरंड आहे. सर्वांत वर कृष्णविवर, मग समांतर विश्वं, मग कालप्रवास, मग 'क्वांटम', ज्याचा उपयोग हल्ली इलेक्ट्रॉनपेक्षा अंगठ्या आणि माळा विकायला जास्त होतो. तळाशी घर्षण. घर्षणाला फॉलोअर नाहीत. ते नसतं तर तुम्ही खुर्चीवरून घसरला असतात, पायातली चप्पल पुढे सरकली नसती आणि भिंतीतला खिळा हळूच बाहेर आला असता. पण त्याला बघून नासा हादरत नाही. व्हर्नियर कॅलिपरचं लघुतम माप काढून दाखवणारं रील कुणी केलंच, तर ते त्याच्या आईनं एकटीनं पाहिलेलं असतं.

आता कुणी म्हणेल, हा जुन्या माणसाचा जळफळाट आहे, छोटा व्हिडिओ म्हणजे वाईटच का? अजिबात नाही. भौतिकशास्त्रावरचा मला ठाऊक असलेला सर्वांत उत्तम व्हिडिओ एका मिनिटापेक्षा लहान आहे, आणि तो चंद्रावर काढलेला आहे.

२ ऑगस्ट १९७१. 'अपोलो १५'चे कमांडर डेव्हिड स्कॉट कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. एका हातात दगड फोडायचा हातोडा, सव्वा किलोच्या थोडा वर. दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस, कारण त्यांच्या उतरणाऱ्या यानाचं नावच 'फाल्कन' होतं. दोन्ही एकदम सोडली. दोन्ही एकदम जमिनीवर टेकली. गॅलिलिओ बरोबर होता, एवढं म्हणून ते आपल्या कामाला लागले. संगीत नाही, हवेतलं बोट नाही, फॉलो करा नाही. नासा हादरली नाही, कारण कॅमेराच नासाचा होता.

हा धडा डोक्यात का बसतो, ते बघण्यासारखं आहे. हात सुटण्याआधी बघणाऱ्यानं मनातल्या मनात हातोड्यावर पैज लावलेली असते. जड वस्तू आधी पडते हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी ते हाडात असतं. चंद्रावर हवा नाही, पिसाला अडवायला कुणी नाही, आणि पैज दीड सेकंदाच्या आत बुडते. बुडाल्यावर आपण विचारतो, असं का? शिकणं तिथून सुरू होतं. आणि डोळा तीक्ष्ण असेल तर दुसरा प्रश्नही पडतो: दोन्ही इतकी सावकाश का पडली? खांद्याच्या उंचीवरून सोडलेला हातोडा आपल्याकडे अर्ध्या सेकंदात पायावर असतो. तिथं गुरुत्व इथल्या सहाव्या हिश्श्याचं, म्हणून. एका व्हिडिओत दोन प्रश्न, आणि उत्तर सांगायला निवेदक नाही.

रीलमध्ये पैज लावायला वेळच देत नाहीत. तिथं उत्तर आधी येतं. प्रश्न आलाच तर शीर्षकात येतो.

यावर संशोधन झालं आहे, आणि ते केलं आहे याच धंद्यातल्या एका बड्या असामीनं. 'व्हेरिटॅसियम' हे विज्ञानाचं प्रचंड लोकप्रिय चॅनल चालवणाऱ्या डेरेक म्युलर यांनी त्याआधी, २००८ साली, सिडनी विद्यापीठात पीएच.डी. केली. विषय हाच, व्हिडिओतून भौतिकशास्त्र शिकता येतं का. त्यांनी काही विद्यार्थ्यांना न्यूटनच्या नियमांवरचा सुबक, नेटका, कुठंही न अडखळणारा व्हिडिओ दाखवला. मुलं खूश. स्पष्ट आहे, सोपं आहे, सगळं कळलं. मग परीक्षा घेतली, तर गुण होते तिथंच. इतर काहींना दुसरा व्हिडिओ दाखवला. त्यात आधी चुकीच्या समजुती बोलून दाखवल्या होत्या आणि मग त्या खोडल्या होत्या. ही मुलं वैतागली, म्हणाली की गोंधळ होतो. परीक्षेत मात्र यांचेच गुण चांगले वाढले.

म्हणजे ज्याला छान समजलं असं वाटलं, त्याच्या डोक्यातली जुनी समजूत जागची हललीच नाही. उलट तो व्हिडिओ बघताना त्याला आपल्या जुन्या समजुतीचाच पुरावा दिसत होता. ही गोष्ट रील बनवणाऱ्यांना सांगायला जाऊ नका. बघणाऱ्याला गोंधळात टाकलं की तो अंगठा वर सरकवतो आणि मिसळीवर जातो. त्यामुळे गोंधळ टाळणं हा त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

घरच्या घरी करून बघा. वानखेडेवर टॉस होतो, नाणं वर जातं. वर जात असताना त्याच्यावर कुठलं बल असतं? दहातले बरेच जण सांगतील की कर्णधारानं लावलेला जोर नाण्यात असतो, तो संपत जातो, संपला की नाणं खाली येतं. ऐकायला किती पटतं! प्रत्यक्षात बोट सुटलं की कर्णधाराचा संबंध संपला. हवेचा किरकोळ विरोध सोडला तर वर जाताना, अगदी टोकावर आणि खाली येताना नाण्यावर एकच बल असतं, पृथ्वीचं, आणि ते खालीच असतं. टोकावर वेग शून्य होतो, त्वरण नाही. हे वाचून ज्यांना "माहितीच होतं" असं वाटलं त्यांनी शेजारच्या माणसाला विचारावं. ज्यांना "छे, असं कसं" वाटलं, त्यांची प्रगती चालू आहे.

शिकलेल्या माणसांना हे होत नाही अशी समजूत असेल तर हार्वर्डला चला. १९८७ साली 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' नावाचा एक लहानसा माहितीपट निघाला. हार्वर्डच्या पदवीदान समारंभात, झगे घातलेल्या मंडळींना एक प्रश्न विचारला: ऋतू का होतात? विद्यार्थी, माजी विद्यार्थी, प्राध्यापक मिळून तेवीस जण. एकवीस चुकले. बहुतेकांचं म्हणणं, पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा. किती ठाम होते ते! आपल्याकडच्या टीव्हीवरच्या चर्चेत त्यांना सहज जागा मिळाली असती.

या प्रश्नाचं उत्तर हार्वर्डपेक्षा निफाडला लवकर सापडतं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. त्याच सुमारास निफाडचा द्राक्षबागायतदार थंडीनं घड जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवत असतो. सर्वांत लांब असते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १५ कोटी २१ लाखांवर. अंतर पन्नास लाख किलोमीटरांनी बदलतं आणि थंडी त्याला हिंग लावून विचारत नाही. खरं कारण कललेला अक्ष. साडेतेवीस अंशांच्या त्या कलामुळे हिवाळ्यात आपल्याकडे ऊन तिरपं पडतं आणि दिवस आखूड होतो. दक्षिण गोलार्धात त्याच जानेवारीत लोक घामाघूम असतात, हे तर क्रिकेट बघणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. ऑस्ट्रेलियातल्या कसोटीत जानेवारीत खेळाडू टोप्या घालून पाणी पीत असतात, ते काय शोभेला?

मग ही समजूत जाते का नाही? कारण व्हिडिओतली चित्रं. पृथ्वीची कक्षा दिसायला छान असावी म्हणून ती तिरकी, अंड्यासारखी लांबुडकी काढतात. प्रत्यक्षात ती इतकी गोल आहे की कागदावर काढली तर वर्तुळापासून डोळ्यानं वेगळी ओळखता येणार नाही. चंद्राचंही तेच. पडद्यावर तो पृथ्वीच्या खांद्याला लागून फिरतो. खऱ्या प्रमाणात काढायचा तर मध्ये तीस पृथ्व्या मावतील एवढी जागा सोडावी लागते. मोबाइलचा पडदा उभा असतो, जागा परवडत नाही. म्हणून विश्व आटवलं.

अंतराळ स्थानकातल्या व्हिडिओंनी तर कहर केला आहे. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशू शुक्ला तिथं होते. सगळ्या देशानं त्यांना तरंगताना पाहिलं, अभिमानानं छाती भरून आली आणि सगळा देश एकमतानं म्हणाला, तिथं गुरुत्वाकर्षण नसतं. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे मुंबई-नागपूर अंतराच्या निम्म्यावर. तिथं गुरुत्वाकर्षण इथल्या जवळजवळ नव्वद टक्के असतं. ते तरंगतात कारण ते सतत पडत असतात, स्थानकासकट. पुढे जाण्याचा वेग इतका असतो की पडता पडता पृथ्वीची गोलाई खालून निसटत राहते. आपल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे, मुक्त पतन त्यातच आहे. त्याच पुस्तकातला शेवटचा धडा अवकाश मोहिमांचा. मधल्या आठ धड्यांत धाग्याचं टोक हरवतं.

आता थोडं आपल्या गच्चीवर येऊ.

महाराष्ट्रात खगोलशास्त्राच्या निरीक्षकांची सर्वांत मोठी फौज कोणती? पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवते आहे. मुंबईचं खगोल मंडळ १९८५ पासून, वांगणीच्या मोकळ्या आभाळाखाली रात्र रात्र जागवून. दोघांनाही दंडवत. पण आकड्यांत त्यांना हरवणारी फौज आहे संकष्टीची. दर महिन्याला वद्य चतुर्थीला घराघरांतल्या आया-आज्या गॅलरीत उभ्या राहून पूर्व क्षितिज तपासतात. पोटात भूक असलेला निरीक्षक चुकत नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, कोजागिरीला दूध आटेपर्यंत तो चांगला वर येतो. त्यानंतर तो रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा येतो, म्हणून चतुर्थीला रात्री नऊच्या आसपास. केपलरचं नाव न घेता हे गणित कैक पिढ्यांनी उपाशीपोटी तपासलं आहे. आणि नागपूरकराचा उपास मुंबईकराच्या आधी साधारण पंचवीस मिनिटं सुटतो, कारण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विदर्भाला मुंबईच्या आधी मिळणारी एवढी एकच गोष्ट आहे. तिचा अनुशेष नाही.

याच घरातला नातू रीलमध्ये चंद्राच्या कला शिकून येतो आणि सांगतो, चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून तो अर्धा दिसतो. आजी म्हणते, असेल बाबा.

नसतं, आजी. त्याला शुद्ध अष्टमीला दुपारी चार वाजता अंगणात उभं करा. पश्चिमेकडे सूर्य असेल आणि पूर्वेकडच्या आभाळात अर्धा चंद्र. दोघं एकाच वेळी डोळ्यांसमोर. पृथ्वीची सावली सूर्याच्या उलट दिशेला पडणार, आणि चंद्र तर त्या दिशेला नाहीच. तो बाजूला आहे, नव्वद अंशांवर. सावली तिथं जाईल कशी? उजळलेली बाजूही बघा, ती सूर्याकडे तोंड करून असते. पृथ्वीची सावली चंद्रावर पडू शकते ती फक्त पौर्णिमेला, आणि पडली की तिला चंद्रग्रहण म्हणतात. या प्रयोगाला खर्च शून्य, साहित्य एक मान. ती वर करायची. एवढीच अट जड जाते.

कारण मुद्दा इथं आहे. कुठलंही रील तुम्हाला असं सांगणार नाही की आता फोन ठेवा आणि गच्चीवर जा. त्या दुकानाचा नफा तुम्ही पडद्यासमोर बसून राहण्यात आहे. खगोलशास्त्राची सुरुवात तिथून उठण्यात आहे. या दोघांचं लग्न लावून देणारे भटजी मला तरी आदरणीय वाटत नाहीत.

२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी 'चांद्रयान-३' उतरलं. इस्रोचं यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण एका क्षणी ऐंशी लाखांहून जास्त लोक बघत होते. तो विक्रम ठरला. त्या घडीला चंद्र स्वतः कुठं होता? दक्षिणेकडच्या आभाळात, चांगला वर, जवळजवळ अर्धा. अष्टमीच्या आदल्या दिवसाचा. पावसाळा होता, ढग होते, सगळं मान्य. पण ढग आहेत की नाहीत हे बघायला तरी किती जण खिडकीशी गेले?

शून्य सावलीची कथा याहून मजेची. सूर्य रोज दुपारी बारा वाजता डोक्यावर येतो असं आपण बोलतो, सिनेमातही तसंच असतं. सूर्य नेमका डोक्यावर येतो तो फक्त कर्क आणि मकर वृत्तांच्या मधल्या प्रदेशात, आणि तिथंही वर्षातून दोनदाच. सावंतवाडीत मेच्या पहिल्या आठवड्यात, मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली त्या वेळी काठीच्याच पायाखाली जाते. दुसरी संधी जुलै-ऑगस्टच्या ढगांत वाहून जाते. दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे, त्यामुळे दिल्लीच्या डोक्यावर सूर्य कधीच येत नाही. महाराष्ट्राच्या डोक्यावर दिल्ली वर्षभर असते, हा निराळा विषय. दर मेमध्ये या दिवसाची रीलं येतात. लोक ती एसी लावून, पडदे ओढून, भर दुपारी साडेबाराला बघतात. बाहेर सावली बिचारी कुणी न बघता पायाखाली जाते आणि परत बाहेर येते.

व्हिडिओवर सरसकट राग धरणारा मी नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर इस्रोनं अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही पोचवला, शाळेच्या पोरांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम दाखवले. त्या कामाच्या मागे प्रा. यशपाल होते. ज्या गावात प्रयोगशाळा तर सोडाच, वीज धड नव्हती, तिथं तो पडदा म्हणजे खिडकी होती. आजही मेळघाटातल्या एखाद्या पोरीला चांगला मास्तर मोबाइलमध्येच भेटत असेल, तर तिला कुणी नाकं मुरडू नयेत.

सलमान खान यांचंही मोठेपण मान्य. वांद्र्याचे नव्हेत, खान अकॅडमीचे. २००४ मध्ये ते नादिया नावाच्या नात्यातल्या बहिणीला लांबून गणित शिकवायला लागले, नातेवाइकांची पोरं वाढली तशी २००६ पासून धडे यूट्यूबवर टाकायला लागले. पोरांना प्रत्यक्ष भावापेक्षा व्हिडिओतला भाऊ आवडला, कारण त्याला थांबवता यायचं. न लाजता तेच तेच पुन्हा विचारता यायचं. थांबवण्याचं बटण ही त्या सगळ्या प्रकारातली खरी क्रांती होती. रीलनं तेच बटण निकामी केलं. थांबवता येतं हो, पण अंगठ्याला सवय वरच्या दिशेची.

शाळांनीही यात हातभार लावला आहेच. पूर्वी लोलक कपाटात असायचा आणि कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे. आता लोलक कपाटातच आहे, पण भिंतीवर स्मार्ट बोर्ड आहे आणि त्यावर लोलकाचा व्हिडिओ आहे. सप्तरंग झकास येतात. वर्ग शांत बसतो, हजेरी घेऊन होते, प्रात्यक्षिकाच्या वहीत आकृती उतरवली जाते आणि विसातले अठरा पडतात. शिपाईमामा निवृत्त झाले. किल्ली कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही.

या सगळ्याला पुण्यातच उत्तर होतं. आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काड्यापेट्या, स्ट्रॉ, सायकलच्या नळ्या, जुन्या बाटल्या यांतून खेळणी केली आणि त्यांचे छोटे छोटे व्हिडिओ केले, मराठीतही. काही तर मिनिटा-दोन मिनिटांचे. लांबी रीलचीच. फरक एवढाच की तो व्हिडिओ संपला की पोरगं फोन टाकून स्ट्रॉ शोधायला स्वयंपाकघरात पळतं. बाटलीचं बूच गायब होतं, आई ओरडते. आई ओरडली की विज्ञान पोचलं असं समजावं.

आणि त्याच संस्थेचे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर. मुलं स्वाक्षरीला गराडा घालायची तर ते सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल. फॉलो करायची अट तिथंही होती, पण आधी प्रश्न पडायला लागायचा. पन्नास पैशांच्या कार्डात फुकटची हौस गळून जायची आणि खरं कुतूहल उरायचं. २० मे २०२५ ला ते गेले. त्या दिवशी त्यांच्यावरही रीलं आली, मागे ऑर्गन लावून.

प्रश्न विचारण्याची सवय गेली की काय होतं, ते दर काही महिन्यांनी दिसतं. २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार, हा निरोप २००३ पासून फिरतोय, मंगळ स्वतः कंटाळला असेल. दिवाळीच्या रात्रीचा अवकाशातून दिसणारा लखलखता भारत, हेही दर वर्षीचं. मध्यंतरी बातमी आली की १२ ऑगस्ट २०२६ ला पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण सात सेकंद बंद राहणार. जणू महावितरणनं देखभालीसाठी शटडाऊन घेतलंय. गुरुत्वाकर्षण वस्तुमानामुळे असतं. ते जायचं तर पृथ्वीचं वस्तुमान सात सेकंद कुठंतरी ठेवायला द्यावं लागेल, आणि एवढं लॉकर सहकारी बँकेतही नाही. त्या तारखेला खग्रास सूर्यग्रहण, तेही भारतातून न दिसणारं, एवढंच खरं.

२०२५ मध्ये तर २ ऑगस्टला सगळं जग सहा मिनिटं अंधारात जाणार म्हणून रीलं फिरली. लोकांनी पुढे पाठवली, घाबरून एकमेकांना फोन केले. तो दिवस नेहमीसारखा उगवला आणि मावळला. तारीख बरोबर होती, साल दोन वर्षांनी चुकलं होतं आणि 'सगळं जग' ही पदरची भर होती. ते ग्रहण २०२७ चं. दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, सौदी अरेबिया असा त्याच्या पूर्ण छायेचा अरुंद पट्टा जातो, आणि इजिप्तमध्ये लक्सरजवळ सूर्य सहा मिनिटांहून थोडा जास्त वेळ पूर्ण झाकला जाईल.

आपल्याकडे तो थोडासा झाकलेला, खंडग्रास दिसेल, दुपारी उशिरा, पावसानं मनावर घेतलं नाही तर. अंधार होणार नाही. एक्स-रेची फिल्म आणि काजळी धरलेली काच डोळ्यांना लावू नका. ग्रहणाचा प्रमाणित चष्मा आधीच घेऊन ठेवा. तो नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि भिंतीवर पडलेला कुरतडलेला सूर्य बघा. लक्सरचे व्हिडिओ रात्री येतीलच, ते पळून जात नाहीत. २ ऑगस्ट २०२७, आषाढ अमावास्या. गटारीच आहे, दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो. वार सोमवार, तेव्हा रजेचा अर्ज वेळेत टाका.